नमस्ते : आधी कोणी वाकायचे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, नमस्कार.

हा शब्द मी आत्ता उच्चारला, तेव्हा माझे दोन्ही हात आपोआप जुळले. खरे तर समोर तुम्ही नाही. समोर एक ध्वनिक्षेपक आहे. काचेच्या पलीकडे एक तंत्रज्ञ कानाला यंत्र लावून खाली मान घालून आपले काम करीत आहेत. हात कोणाला दिसण्याची शक्यता नव्हती, तरी ते जुळले. याला सवय म्हणतात. सवय चांगली असते, पण तिचा एक धोका असतो. जी गोष्ट सवयीने होते, तिच्याकडे आपले लक्ष राहत नाही. आज मी अशाच एका सवयीबद्दल बोलणार आहे. योगाच्या वर्गात सुरुवातीला आणि शेवटी आपण ‘नमस्ते’ म्हणतो. त्याचा अर्थ काय? आणि तो अर्थ मला, आयुष्यभर संस्कृत शिकवलेल्या माणसाला, कोणी शिकवला?

मी राहतो फुलसावंगीला. यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातले हे आमचे गाव. पैनगंगेच्या खोऱ्यातला हा मुलूख. कापूस, तूर, सोयाबीन ही इथली पिके. एका शाळेत मी मराठी आणि संस्कृत शिकवले आणि निवृत्त झालो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत योगाची गोडी लागली. विदर्भात त्या काळी नागपूरच्या जनार्दनस्वामींच्या योगाभ्यासी मंडळाचे नाव सर्वतोमुखी होते. योग शिकवायचा, पण त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, हा त्यांचा बाणा. तो मनात ठसला. निवृत्तीनंतर मीही शाळेच्या पटांगणात सकाळचा वर्ग सुरू केला. फी नाही, गणवेश नाही, घरची चटई किंवा चादर आणायची आणि बसायचे. पंधरा-वीस माणसे येतात. शिक्षक, दुकानदार, शेतकरी, दोन-चार गृहिणी, सुट्टीत आलेली मुले. मी वर ओट्यावर बसायचो, बाकीचे खाली रांगेत. शेवटी शवासन, मग प्रार्थना आणि मग ‘नमस्ते’. की वर्ग संपला.

आता आधी शब्द पाहू. ‘नमस्ते’ हे एक पद नाही, दोन आहेत. ‘नमः’ आणि ‘ते’. विसर्गापुढे ‘त’ आला म्हणून विसर्गाचा ‘स’ झाला, हा संधीचा साधा नियम. ‘नमः’ म्हणजे नमन, वाकणे. ‘ते’ म्हणजे ‘तुला’. ते अनेकवचनातले मराठी ‘ते’ नव्हे. ‘युष्मद्’ या सर्वनामाचे चतुर्थीचे, एकवचनी, आखूड रूप आहे. ‘नमः’ शब्दाच्या योगात चतुर्थी येते, हे पाणिनीने सांगून ठेवले आहे. म्हणून आपण ‘गणेशाय नमः’ म्हणतो, ‘गणेशं नमः’ म्हणत नाही. सगळा मिळून अर्थ एवढाच : तुला नमन.

श्रोतेहो, यात आत्मा नाही, ज्योत नाही, विश्वचैतन्य नाही. ‘माझ्यातला दिव्य अंश तुझ्यातल्या दिव्य अंशाला वंदन करतो’ असा अर्थ हल्ली योगाच्या पुस्तकांत आणि भिंतीवरच्या फलकांवर लिहिलेला असतो. परदेशातल्या वर्गांत तर तो हमखास सांगतात. तो वाईट नाही. आपल्या वेदान्ताशी तो जुळतोही. पण तो भावार्थ आहे, शब्दार्थ नाही. तसेच काही जण ‘नमः’ची फोड ‘न मम’ अशी करतात; माझे काही नाही, असा त्याचा अर्थ लावतात. कीर्तनात ही फोड गोड वाटते. व्याकरणात ती बसत नाही. शब्द ‘नम्’ या धातूपासून आला आहे आणि ‘नम्’ म्हणजे वाकणे.

हा धातू मात्र मोठा गमतीचा आहे. नम्र, विनम्र, प्रणाम हे शब्द त्याचेच. ‘नमते घेणे’ हा वाक्प्रचार त्याचाच. ‘अवनती’ त्याची, हे पटकन लक्षात येते, कारण अवनती म्हणजे खाली वाकणे. पण ‘उन्नती’ही त्याचीच. एकाच धातूला ‘अव’ लागला की माणूस खाली जातो आणि ‘उद्’ लागला की वर येतो. वर्गात मुलांना हे सांगताना मला फार आनंद व्हायचा. फळ्यावर एका बाजूला उन्नती, दुसऱ्या बाजूला अवनती लिहायचो आणि मध्ये ‘नम्’. याचा खरा उलगडा मात्र फळ्यापुढे झाला नाही. तो पुढे पटांगणात झाला.

योगाच्या ग्रंथांत हे ‘नमस्ते’ कुठे आहे, असे कोणी विचारील. पतंजलींच्या योगसूत्रांत वर्गाच्या शेवटी नमस्ते म्हणा असे कुठेही सांगितलेले नाही. तिथे वर्गच नाही. ही रीत अलीकडची आहे. घरी आलेल्या माणसाला हात जोडावे, निघताना हात जोडावे, हा आपल्याकडचा शिष्टाचार. तो शिक्षकांबरोबर योगवर्गात आला. पुण्यात राहून बी. के. एस. अय्यंगारांनी योग शिकवला. १९५२ साली त्यांची आणि व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांची भेट झाली आणि पुढे जगभरचे शिष्य पुण्याकडे येऊ लागले. अशा अनेक गुरूंकडून शिकून गेलेल्या लोकांनी आसनांबरोबर हात जोडणेही नेले. डिसेंबर २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी २१ जून हा योगदिन ठरवला आणि २०१५ पासून तो साजरा होऊ लागला, तेव्हा हा शब्द गावोगावच्या मैदानांवर ध्वनिवर्धकातून ऐकू येऊ लागला. २०२० साली करोनाची साथ आली. हस्तांदोलन बंद झाले. मार्चमध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन यांनी स्पेनच्या राजाराणीचे स्वागत हात जोडून केले. आमच्या गावातही तेव्हा सगळे लांबून हात जोडत होते. आपण तर हे आधीपासूनच करतो, असे म्हणून आम्हीही जरा छाती फुगवून घेतली.

पण आपण हे आधीपासून खरेच करत होतो का? कोण कोणाला करत होते? हा प्रश्न मला तोवर पडला नव्हता.

आमच्या वर्गाला एक मावशी येते. वय साठीच्या आसपास. जन्मभर लोकांच्या शेतात निंदण-खुरपण आणि कापूस वेचणी केलेली. गुडघे धरले म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि शेजारणीने वर्गाला आणले. पहिले दोन दिवस संकोचली, मग रमली. वाकण्याच्या आसनांत ती तरुण पोरांना मागे टाकायची. साऱ्या आयुष्याची सवयच वाकण्याची. पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपायची. शेवटी सगळे हात जोडायचे, ही मात्र हात मांडीवर तसेच ठेवून बसायची. एक दिवस, दोन दिवस, महिना झाला. मला वाटले, समजत नसेल. मग वाटले, मुद्दाम करते. मग मनात नको ते विचार आले. हिला प्रार्थना चालत नसेल, हिच्या घरचा देव वेगळा असेल. माणूस शिकलेला असला तरी मनाच्या तळाशी काय काय पडलेले असते, हे अशा वेळी कळते. शेवटी एका सकाळी सगळे गेल्यावर मी विचारलेच.

“मावशी, तुम्ही नमस्कार काहून नाही करत? हात दुखतात काय?”

ती म्हणाली, “हात नाही दुखत, गुरुजी. लय जोडले हे हात. सावकारापुढं जोडले, सायबापुढं जोडले. मालक गेले तवा कागदासाठी महिनाभर जोडले. समोरच्यानं एक डाव मान वर करून पाह्यलं नाही. आता सकाळी उठून आणखी कायले जोडू?”

मी गप्प झालो. यवतमाळ जिल्ह्यात ‘मालक गेले’ आणि ‘कागद’ हे दोन शब्द एकत्र आले की पुढचे काही विचारावे लागत नाही. मी काहीतरी समजुतीचे बोलू लागलो. हे तसले हात जोडणे नव्हे, मावशी, यात आदर असतो, वगैरे. तिने मला मध्येच थांबवले. रागाने नव्हे, अगदी साधेपणाने.

“अन् तुम्ही बी कुठं पाह्यता? तुम्ही तं नमस्ते म्हणता अन् चटई गुंडायता.”

श्रोतेहो, हे खरे होते. प्रार्थना संपली की मी डोळे मिटूनच नमस्ते म्हणायचो आणि शेवटचे अक्षर तोंडातून बाहेर पडता पडता चटईला हात घालायचो. घरी जाऊन चहा घ्यायचा, वर्तमानपत्र बघायचे, ही घाई. पंधरा-वीस माणसे खाली बसून मला वाकत होती आणि मी ओट्यावर बसून चटईला वाकत होतो. ‘ते’ म्हणजे ‘तुला’, ही चतुर्थी मी मुलांना हजार वेळा शिकवली असेल. पण ज्याला उद्देशून चतुर्थी लागते, तो समोरचा ‘तू’ मी पाहिलाच नव्हता.

त्या दिवशी घरी जाऊन मी विचार करू लागलो आणि आपल्या भाषेतले नमस्कार एकेक करून तपासू लागलो. जुन्या पत्रांचे मायने आठवा. वडीलधाऱ्यांना लिहायचे तर ‘शिरसाष्टांग नमस्कार’. बरोबरीच्याला ‘स. न. वि. वि.’, म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. आणि धाकट्याला? धाकट्याला नमस्कार नाहीच. त्याला ‘अनेक उत्तम आशीर्वाद’. म्हणजे नमस्कार खालून वर जायचा आणि वरून खाली यायचा तो आशीर्वाद. घरातल्या घरात हे गोडच आहे. आजीला वाकून नमस्कार करावा आणि तिचा हात पाठीवर पडावा, यासारखे सुख नाही. पण हीच उतरंड घराबाहेर आली की तिचे रूप बदलते. दरबारात मुजरा होता. आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला ‘जोहार’ होता. त्याने दुरून, वाकून, जोहार म्हणायचा. समोरच्याने उत्तर दिलेच पाहिजे असे काही नव्हते. आमच्या संतवाङ्मयात जोहार नावाचा रचनाप्रकारच आहे. चोखोबांनी तो विठ्ठलाला घातला. ज्या शब्दाने माणसांपुढे वाकावे लागत होते, तोच शब्द त्यांनी देवापुढे नेला.

ही एकेरी वाट मोडायचा प्रयत्न आपल्याकडे अनेकांनी केला. वारकऱ्यांनी केला. वारीत भेटलेले दोन वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. वय विचारत नाहीत, जात विचारत नाहीत. एक वाकतो, तो उठायच्या आत दुसरा वाकलेला असतो. दोघेही एकमेकांना ‘माऊली’ म्हणतात. नमस्काराला नमस्कारानेच उत्तर, असा हा जुना पाठ. तरी तो पाठ देवळाच्या दारापर्यंत येऊन अडखळत होता, हेही विसरता येत नाही. पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. वाळवंटात एकमेकांच्या पाया पडणारी माणसे पायरीपाशी वेगळी होत होती.

१८७५ साली मुंबईत आर्य समाजाची स्थापना झाली. स्वामी दयानंदांच्या अनुयायांनी ‘नमस्ते’ हाच शब्द सर्वांसाठी एक केला. लहानाने मोठ्याला नमस्ते म्हणावे आणि मोठ्यानेही लहानाला नमस्तेच म्हणावे. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. तेव्हा मात्र त्यावर वाद झाले. मोठ्याने लहानापुढे ‘नमः’ म्हणायचे, म्हणजे काय? आणि ‘ते’ हे तर एकवचन. वडीलधाऱ्याला ‘तुला’ कसे म्हणायचे? मला त्यातली खुबी हीच वाटते. संस्कृतात देवालाही ‘तू’च म्हणतात. ‘ते’मध्ये वरचा-खालचा असा भेद करायला जागाच नाही.

आणि आमच्या विदर्भातच कामठीला बाबू हरदास एल. एन. होऊन गेले. १९०४ साली जन्मले आणि १९३९ साली, पस्तिशीतच गेले. ‘जय भीम’ हे अभिवादन त्यांनी रूढ केले असे मानले जाते. एकाने सलाम करावा आणि दुसऱ्याने त्याला तेवढ्याच आदराने उत्तर द्यावे, ही मुसलमान बांधवांची पद्धत पाहून त्यांना ती कल्पना सुचली, असे सांगतात. एकाने ‘जय भीम’ म्हणायचे, दुसऱ्याने ‘बल भीम’. पुढे दोन्हीकडून ‘जय भीम’च राहिले. जोहार घालणाऱ्यांच्या नातवांनी ताठ उभे राहून, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून अभिवादन करायला सुरुवात केली. त्या एका शब्दाने किती पाठी सरळ झाल्या असतील, याचा हिशेब कोणत्याही योगशिक्षकाला मांडता येणार नाही.

आमचे गाडगेबाबा तर कोणाला पाया पडूच देत नसत. हातातला खराटा आणि डोक्यावरचे गाडगे घेऊन फिरणारा हा माणूस. ज्यांच्यापुढे वाकावे असे ते होते, म्हणूनच बहुधा त्यांना वाकून घेण्याची गरज नव्हती.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, योगावर बोलायला आलात आणि समाजशास्त्र सांगत बसलात. तर आता योगाकडेच येतो. सूर्यनमस्कार सगळ्यांना माहीत आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा ध्यास घेतला. स्वतः रोज घातले, संस्थानातल्या शाळांतून मुलामुलींकडून घालून घेतले, त्यावर पुस्तक लिहिले. आपली मराठी इथे बारीक भेद करते. माणसाला नमस्कार ‘करतात’, सूर्यनमस्कार ‘घालतात’. घालणे म्हणजे सगळे अंग जमिनीला देणे. साष्टांग नमस्काराची आठ अंगे मोजून पाहा : छाती, डोके, हात, पाय, गुडघे, दृष्टी, वाणी आणि मन. पहिली पाच शरीराची आणि शेवटची तीन आतली. पाच अंगे जमिनीला टेकली आणि दृष्टी भलतीकडेच असली, तर नमस्कार पंचांगीच झाला. माझा तर तेवढाही होत नव्हता.

सूर्यनमस्कारात सूर्याची बारा नावे घेतात. त्यातले पहिले नाव ‘मित्र’. एवढा तेजस्वी, पण त्याला पहिला नमस्कार मित्र म्हणून. आणि पतंजलींनी चित्त प्रसन्न राहण्यासाठी ज्या चार भावना सांगितल्या, त्यांतली पहिली मैत्री आणि दुसरी करुणा. नमस्ते हा शब्द योगसूत्रांत नसेल, पण त्याचा अर्थ तिथे आहे. यजुर्वेदातल्या रुद्राध्यायात तर नमस्कारांची रीघच लागलेली आहे. तिथे देवाला नमस्कार आहे, सेनापतीला आहे आणि त्याच दमात सुताराला आहे, रथ करणाऱ्याला आहे, कुंभाराला, लोहाराला, निषादाला आहे. चोरांच्या म्होरक्याला आहे, कुत्र्यांनासुद्धा आहे. लहानपणी मला वाटायचे, ऋषींनी ही एवढी मोठी यादी कशाला केली असेल? आता वाटते, कोणी सुटू नये म्हणून.

आता हात जोडण्याच्या कृतीबद्दल थोडे. योगात त्या मुद्रेला अंजलीमुद्रा म्हणतात. हा ‘अंजली’ शब्द आपल्या घरातच आहे. त्याचीच आपल्या बोलण्यातली ‘ओंजळ’ झाली. म्हणजे मुळात ही मुद्रा दोन पाट्या एकमेकांवर आपटाव्यात तशी नाही. तळव्यांच्या मध्ये थोडी पोकळी राहू द्यायची. बोटे एकमेकांना टेकलेली, अंगठे छातीच्या मध्यभागी, कोपरे सैल, खांदे खाली. तळव्यांचा एकमेकांवर दाब सारखा. उजव्या हाताचा जोर डाव्यावर जाता कामा नये. मग एक श्वास सावकाश घ्यायचा आणि सोडताना मान किंचित खाली. ज्यांची बोटे आखडली आहेत, त्यांनी ओढून ताणून सरळ करू नयेत. जेवढी जुळतील तेवढी जुळू द्यावीत. आणि मी आता यात एक गोष्ट वाढवली आहे. मान खाली न्यायच्या आधी समोरच्याकडे पाहायचे. डोळे उघडे ठेवून. मान वर आल्यावर पुन्हा पाहायचे. एवढे झाले, की मग म्हणायचे, नमस्ते.

ओंजळ रिकामी असते, म्हणजे दोन्ही हात कामातून मोकळे असतात. तेवढा वेळ आपण काही धरत नाही, काही मोजत नाही, लिहीत नाही. साहेबाच्या एका हातात पेन राहिले, नजर फायलीत राहिली, आणि समोरची बाई दोन्ही हात जोडून उभी राहिली, तर तिथे मुद्रा अर्धीच झाली. निवडणुकीच्या दिवसांत प्रत्येक भिंतीवर हात जोडलेले फोटो असतात. त्यातले हात जोडलेले असतात, पण कोणाकडे पाहून, ते फोटो काढणाऱ्यालाच ठाऊक.

मावशीच्या त्या बोलण्यानंतर मी वर्गात दोन बदल केले. ओट्यावर बसणे सोडले. आता सगळे गोल बसतात, मीही त्याच गोलात. आणि शेवटचे नमस्ते आधी मी म्हणतो, एकेकाकडे पाहून. पंधरा माणसे म्हणजे पंधरा वेळा. दोन-तीन मिनिटे जास्त लागतात. पहिल्या दिवशी सगळे अवघडले. एका दुकानदार भाऊंना तर हसूच आवरेना. पण हळूहळू एक मजा झाली. मी नमस्ते म्हणतो, त्याला लोक आपापल्या परीने उत्तर देऊ लागले. एक तरुण ‘जय भीम, सर’ म्हणतो. शेजारच्या तांड्यावरून येणारे काका ‘जय सेवालाल’ म्हणतात. गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात बसणारे एक आजोबा ‘जय गुरु’ म्हणतात. पाठीच्या दुखण्यासाठी येणारे एक चाचा तळहात कपाळाशी नेऊन ‘सलाम, मास्टरसाब’ म्हणतात. मी कोणालाही दुरुस्त करत नाही. हे सगळे ‘नमस्ते’चेच अनुवाद आहेत, आणि माझ्या फळ्यावरच्या अनुवादापेक्षा चांगले आहेत.

आणि मावशी? पहिले काही दिवस मी तिच्याकडे पाहून नमस्ते म्हणायचो, ती नुसती पाहायची. मी पुढच्याकडे वळायचो. मग एक दिवस ती म्हणाली, “राम राम, गुरुजी.” मी म्हटले, “राम राम, मावशी.” आमचा नमस्कार झाला. हात तिने त्या दिवशीही जोडले नव्हते, आजही जोडत नाही. मी विचारत नाही. आपण आधी केला म्हणून समोरच्याने करावाच, असा हट्ट धरला तर तो नमस्कार उरत नाही; त्याचा पुन्हा जोहार होतो. जिचे हात आयुष्यभर एकतर्फी जोडले गेले, तिला ते मांडीवर निवांत ठेवता येतात, हीच आमच्या वर्गातली एक मुद्रा आहे असे मी समजतो.

उन्नती आणि अवनती एकाच धातूतून कशा निघतात, हे मला आता कळले आहे. एकालाच सतत वाकावे लागते, तेव्हा ती अवनती. दोघेही वाकतात, तेव्हा ती दोघांची उन्नती.

तेव्हा श्रोतेहो, उद्या सकाळी तुम्ही योगाला बसा किंवा बसू नका, एक छोटा प्रयोग करून पाहा. ज्यांचा नमस्कार तुम्हाला रोज येतो आणि ज्यांना तुम्ही कधी आपण होऊन केलेला नाही, असा एखादा माणूस आठवा. झाडणारी बाई असेल, चौकीदार असेल, शेतावरचा सालदार असेल, बसचा वाहक असेल. उद्या त्याच्याआधी तुम्ही करा. शब्द कोणताही चालेल. फक्त त्याच्याकडे पाहून करा, आणि उत्तराची वाट पाहण्याइतके थांबा. संस्कृतातली चतुर्थी विभक्ती तेवढ्याने पुरती समजेल.

माझी वेळ संपत आली आहे. काचेपलीकडच्या तंत्रज्ञांनी आत्ताच बोट वर करून तशी खूण केली. म्हणजे त्यांनी मान वर केली आहे. तर ही संधी साधून, त्यांच्याकडे पाहून आणि तुम्हा सर्वांना मनात आणून, आधी मी करतो.

नमस्कार.